पान पाण्यात आहे, पुढे काय?

मागच्या अंकात खिडकीतल्या झाडांबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते: स्नेक प्लांटचं, म्हणजे त्या उभ्या जाड पानांच्या झाडाचं, नुसतं पान पाण्यात उभं ठेवलं तरी त्याला मुळं फुटतात. त्या एका वाक्याने घोळ घातला. मोगरा, लिंबू, जास्वंदीचे प्रश्न मागे पडले आणि काचेच्या बाटल्यांचे फोटोच फोटो आले. म्हणून या वेळचं सदर सगळं या एकाच झाडाचं.

आधीच सांगते, उरुळी कांचनच्या आमच्या रोपवाटिकेत आम्ही स्नेक प्लांट पाण्यात वाढवत नाही. गड्डे, म्हणजे झाडाची मातीतली जाड बुडं, फोडायचे, फुटवे सुटे करायचे, पिशवीत लावायचे. धंद्याला तेच परवडतं. पाण्यातलं पान हा हौसेचा मामला. हौस चांगलीच आहे, मुळं फुटताना डोळ्यांनी दिसतात, घरातली पोरं रोज येऊन बघतात. पण हौशीचीही कामं असतात. कुणाचं कुठलं काम राहिलं ते तुमच्या पत्रांतूनच दिसतंय.

मावशी, एप्रिलमध्ये शेजारणीकडून एक लांब पान आणलं. त्याचे तीन तुकडे केले आणि जॅमच्या बाटलीत ठेवले. आता जून लागला. एका तुकड्याला बोटभर मुळं आहेत. बाकीचे दोन हिरवेगार, कडक, पण मुळांचा पत्ता नाही. पाणी तेच, बाटली तीच. मग असं का? (डोंबिवली)

पाणी तेच, बाटली तीच, पानही तेच. म्हणजे शंका घ्यायला एकच जागा उरते. ते दोन तुकडे उलटे उभे आहेत. मुळं आलेला तुकडा टोकाचा आहे ना, बघा. टोकदार बाजू वर ठेवायची हे कुणालाही न सांगता कळतं. मधला आणि बुडाचा तुकडा मात्र पहिल्या नजरेला दोन्हीकडून सारखाच दिसतो, आणि तिथेच गफलत होते.

या पानाला खाली आणि वर असतं. गड्ड्याकडचं जे टोक, त्यालाच मुळं येतात. उलटा तुकडा महिनोन्‌महिने पाण्यात हिरवा राहील, कारण पानात पाणी आणि अन्न भरपूर साठवलेलं असतं. पण मूळ धरणार नाही. आता काय करायचं? बुडाच्या तुकड्याची ओळख सोपी आहे: गड्ड्याजवळ पान अरुंद, जाड आणि पन्हळीसारखं आत वळलेलं असतं. ती बाजू खाली. मधल्या तुकड्याचं निरखून बघा, पाण्यात होतं ते टोक आता वर न्या. दोन्ही तुकड्यांची खाली जाणारी कड धारदार सुरीने अर्धा सेंटिमीटर कापून ताजी करा, चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या आणि मग पाण्यात ठेवा. तुकडे कडक आहेत म्हणजे अजून जीव आहे.

पुढच्या वेळी पान कापतानाच खूण करायची. आमच्याकडे पोरं खालची कड तिरपी कापतात आणि वरची सरळ. स्केचपेनने बाण काढलात तरी हरकत नाही.

बाकीचं सगळ्यांसाठीच सांगते, कारण निम्म्या पत्रांत हेच विचारलंय. तुकडा आठ-दहा सेंटिमीटरचा घ्या, त्याहून बारीक नको. सुरी स्पिरिटने पुसून घ्या. कापल्यावर लगेच पाण्यात घालू नका, कापलेली जागा सुकून तिच्यावर कोरडी खपली धरली पाहिजे. देशावर दोन-तीन दिवस पुरतात, कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत चार-पाच लागतील. पाणी फक्त दोन-तीन सेंटिमीटर. अर्धं पान बुडवून ठेवणारे लोक आहेत, त्यांचं पान खालून कुजतं आणि मग ते मला विचारतात की पाणी कमी पडलं का. उजेड भरपूर हवा, ऊन थेट नको. पश्चिमेच्या खिडकीत काचेची बाटली दुपारी चांगलीच तापते, आणि कोमट पाण्यात मुळं येण्याआधी पानच शिजतं. विदर्भातल्या मंडळींनी उन्हाळ्यात हे विशेष सांभाळावं.

हवा उबदार असेल तर मुळं साधारण महिना ते दीड महिन्यात दिसतात. त्यानंतर बुडाशी गाठीसारखा गड्डा तयार होतो आणि त्यातून कोंब निघतो. त्याला आणखी दोन-चार महिने, कधी त्याहूनही जास्त. कोंब हेच नवं झाड. तुम्ही ठेवलेलं पान उंच होणार नाही, त्याची कापलेली वरची कडही भरून येणार नाही. बऱ्याच जणांनी लिहिलंय की "मुळं आली पण पान वाढत नाही". ते वाढणारच नाही. त्याचं काम कोंबाला पोसण्याचं.

मी कॉलेजला आहे. पिवळ्या कडेचं स्नेक प्लांट विकत घेतलं होतं. त्याचं पान पाण्यात लावलं, सहा-सात महिन्यांनी तीन कोंब आले, पण तिन्ही साधे हिरवे. पिवळी कड गेली कुठे? पाण्यात काही कमी पडलं का? खत घातलं तर परत येईल? (नाशिक)

नाही बाळा, खताने येणार नाही आणि उन्हानेही येणार नाही. तुझ्याकडे आहे ती लॉरेंटी जात. काँगोत काम केलेल्या एमिल लॉराँ या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ती ओळखली जाते. या झाडात दोन प्रकारच्या पेशी एकत्र नांदतात. एका थरात हरितद्रव्य आहे, दुसऱ्यात नाही. वाढीच्या शेंड्यात हे थर ठरलेल्या क्रमाने बसलेले असतात, म्हणून प्रत्येक नव्या पानाला कडेला पिवळा पट्टा येतो. पण तू पान कापलंस तेव्हा तो शेंडा गड्ड्यातच राहिला. पानाच्या तुकड्याला नव्याने कोंब तयार करावा लागतो, आणि तो निघतो आतल्या हिरव्या पेशींतून. मग रांगेतला पिवळा थर त्यात येतोच कुठून?

काही जण यावर डोकं लढवतात आणि फक्त पिवळी कड कापून पाण्यात ठेवतात. त्यातून काही साधत नाही. हरितद्रव्यच नाही तर त्या कोंबाने अन्न कशावर करायचं?

पिवळी कड टिकवायची असेल तर मार्ग एकच, गड्डा फोडणे. कुंडीतून झाड काढ, माती झटक, मूळ झाडापासून आडवा गेलेला पांढरट-नारिंगी जाड दांडा दिसेल. त्याच्या टोकाला फुटवा असेल, त्याला स्वतःची दोन-चार मुळं आणि निदान तीन पानं असली की सुरीने दांडा काप. काप एक दिवस वाळू दे आणि लाव. तुला पाण्याचीच हौस असेल तर हा फुटवा माती धुऊन पाण्यात ठेव, कड शाबूत राहील आणि मुळंही पानापेक्षा लवकर वाढतील.

आलेले तीन हिरवे कोंब टाकून देऊ नकोस. हिरवं स्नेक प्लांट पिवळ्या कडेच्या झाडापेक्षा जोमाने वाढतं. आणि हेही सांगते की बाजारात कुणी लॉरेंटीची पानं "लावायला" म्हणून विकत असेल, तर तो तुला हिरवं झाड विकतोय.

शहराचं नाव छापू नका. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घर तपासायला आले. दिवाणखान्यात स्नेक प्लांटच्या चार बाटल्या होत्या. त्यांनी एका बाटलीत बॅटरी मारली, अळ्या दाखवल्या आणि चारही बाटल्या मोरीत ओतल्या. वर नोटीस. घरातल्या शोभेच्या झाडाने डेंग्यू होतो का? आम्ही स्वच्छ लोक आहोत.

घर स्वच्छ आहे म्हणूनच. डेंग्यूचा एडिस डास गटारात जात नाही, त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, चायनीज बांबूचा वाडगा, आणि आता तुमचं स्नेक प्लांट. ते लोक बरोबर वागले, काका. नोटिशीचा राग आला असेल, पण अळ्या त्यांनी आणलेल्या नव्हत्या.

हा डास बाटलीच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी चिकटवतो. पाणी चढलं की अंडी फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतं. तो आकडा हवेतून आलेला नाही.

आणि इथे बहुतेकांचं एक काम राहतं. पाणी बदलणारे लोक बाटली ओततात, नळाखाली धरतात, परत भरतात. भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहतात. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून बाटली आतून ब्रशने घासलीच पाहिजे. बाळाच्या दुधाच्या बाटलीचा जुना ब्रश ठेवा त्यासाठी. पानाचं बूड आणि मुळं नळाखाली अलगद धुवा. वार ठरवून घ्या. रविवार म्हणाल तर दर रविवारी, पाहुणे असले तरी.

दुसरं, बाटली निमुळत्या तोंडाची घ्या आणि पानाभोवतीच्या फटीत कापूस भरा, किंवा मच्छरदाणीचा तुकडा रबराने आवळून बसवा. डासाला आत जायला वाट नसली की निम्मी काळजी मिटते. निम्मीच, घासणं चुकत नाही. गावाला जायचं असेल तर पानं सरळ पाण्यातून काढून कोरडी ठेवून जा. स्नेक प्लांटचं पान पंधरा दिवस कोरडं राहिलं तरी मरत नाही. सुकलीच तर मुळं सुकतील, ती परत येतात.

चार बाटल्यांऐवजी एक ठेवा, असंही सुचवेन. जेवढी घासवते तेवढीच.

आमच्याकडे बोअरचं पाणी. बाटलीला पांढरी पुटं चढतात आणि पान खालून तपकिरी होतं. घरात आरओ आहे, त्याचं बाहेर पडणारं पाणी वाया जातं, ते वापरू का? (लातूर)

आरओचं वाया जाणारं पाणी नको. गाळणीने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार सगळे त्या दुसऱ्या नळीत गेलेले असतात. म्हणजे बोअरच्या पाण्यापेक्षा ते अधिक जड. फरशी पुसा, संडासात वापरा, झाडाला नको.

पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, आता धरून ठेवा, पण झाकणाच्या भांड्यात. एसीचं ठिबकणारं पाणी क्षार नसलेलं असतं, तेही चालतं. नळाला क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी वापरा. बोअरशिवाय दुसरं काहीच नसेल तर पिण्याचंच आरओचं पाणी द्या. बाटलीला आठवड्याला पेलाभर लागतं, तेवढ्याने घर कोरडं पडत नाही.

तपकिरी झालेला भाग बोटाने दाबून बघा. कडक आणि कोरडा असेल तर ती खपली आहे, असू द्या. मऊ लागला, घाण वास आला, तर कूज आहे. कुजलेल्या भागाच्या वर, आतून स्वच्छ हिरवट-पांढरं दिसेल तिथपर्यंत कापा. काप वाळवा, बाटली साबणाने धुऊन नव्याने सुरुवात करा. कूज वर सरकली की पान वाचत नाही, तेव्हा कापताना हात आखडता घेऊ नका.

हळद, मध, दालचिनी, ॲस्पिरिन यांतलं मुळं लवकर येण्यासाठी काय लावावं? व्हिडिओत प्रत्येक जण वेगळं सांगतो. (पनवेल)

काहीच नको. हे झाड मुळं धरायला आळशी नाही, फक्त सावकाश आहे. मध पाण्यात गेला की पाणी लवकर नासतं. रोपवाटिकेत रूटिंग पावडर असते, तीही आम्ही कठीण फांद्यांच्या छाटांना लावतो, याला नाही. लवकर मुळं हवीत तर फेब्रुवारीअखेरीपासून जूनपर्यंत लावा. थंडीत लावलेलं पान नुसतं बसून राहतं. निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा तर बाटली खिडकीतून आत घ्या, दहा अंशांच्या खालची थंडी या झाडाला बाधते. मुळात ते पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण भागातलं, नायजेरिया ते काँगोच्या पट्ट्यातलं.

मुळं चांगली वीतभर वाढू दिली, मग कुंडीत लावलं. काळजी घेतली, रोज पाणी घातलं. पंधरा-वीस दिवसांत पान खालून पिवळं पडून आडवं झालं. पाण्यात छान होतं, मातीत का मेलं? (कोल्हापूर)

"काळजी घेतली, रोज पाणी घातलं" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आमच्याकडून गेलेली स्नेक प्लांट जी मरतात, ती जवळजवळ सगळी पाण्याने मरतात.

पण तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट झाली. पाण्यात वाढलेली मुळं मातीतल्या मुळांसारखी नसतात. ती गुळगुळीत, ठिसूळ असतात, मातीतला ओलावा शोषणारी बारीक केसमुळं त्यांना फारशी नसतात. मातीत गेल्यावर झाडाला नवी मुळं काढावी लागतात आणि जुनी बरीचशी मरतात. वीतभर मुळं म्हणजे वीतभर मरायला दिलेला माल. तो ओल्या मातीत कुजला आणि कूज पानात चढली. म्हणून मुळं दोन-तीन सेंटिमीटरची झाली की लगेच लावायचं. कोंब दिसायची वाट पाहायची नाही, तो मातीत अधिक चांगला येतो.

मातीचंही बोलू. तुमच्याकडची काळी माती उसाला सोनं आहे, या झाडाला नाही. ती पाणी धरते आणि सुकली की दगड होते. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, आणि मूठ-दोन मूठ गांडूळ खत. परलाइट मिळालं तर वाळूऐवजी ते. थोडी निंबोळी पेंड घातली तर चांगलं. कुंडी चार इंची, खाली भोक मोकळं. मोठ्या कुंडीत लहान पान लावलं की माती आठवडे ओली राहते. तुकडा दोन-तीन सेंटिमीटर आत रोवा, पडत असेल तर काडीचा आधार द्या.

पहिल्यांदा पाणी खालून निथळेपर्यंत. पहिले दोन-तीन आठवडे माती किंचित ओलसर ठेवा, कारण मुळं पाण्याला सोकावलेली असतात. त्यानंतर बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच. पावसाळ्यात कुंडी छपराखाली. गॅलरीत उडणारा पाऊस लागतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणतात "मी पाणी घातलंच नाही".

ताई, लेबलवर ड्रॅसिना लिहिलं आहे. आम्हाला सान्सेव्हेरिया माहीत. दुकानदाराने दुसरंच झाड दिलं का? (सांगली)

दिलं नाही. 2017 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी जनुकीय अभ्यासावरून सान्सेव्हेरियाचा सगळा गट ड्रॅसिनात नेला. जुनं सान्सेव्हेरिया ट्रायफॅसिआटा म्हणजेच आताचं ड्रॅसिना ट्रायफॅसिआटा. आमच्या बिलबुकात अजून स्नेकच लिहितात.

मी निवृत्त आहे. डॉक्टरांनी सांगितलेली औषधं घेतो, दम्याचा त्रास आहे. नातवाने सांगितलं की स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं आणि नासाने ते सिद्ध केलं आहे. म्हणून बेडरूममध्ये पाण्यात दहा-बारा पानं लावली आहेत. आणखी किती लावू? (नागपूर)

काका, औषधं चालू ठेवा आणि पानांवर भिस्त ठेवू नका. नातवाने ऐकलंय त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे.

पहिली ऑक्सिजनची. हे झाड कोरड्यात तग धरणारं. दिवसा पानांची छिद्रं उघडली तर पाणी उडून जातं, म्हणून ते दिवसभर दारं-खिडक्या लावून बसलेल्या उन्हाळ्यातल्या घरासारखं असतं आणि रात्री छिद्रं उघडतं. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवतं. इथपर्यंत खरं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, त्यामुळे तो दिवसाच तयार होतो. आणि बाटलीतल्या दहा-बारा तुकड्यांचा हिशेब माणसाच्या श्वासापुढे नगण्यच.

दुसरी नासाची. 1989 सालचा तो अहवाल, बी. सी. वुल्व्हर्टन यांचा. त्यांनी झाडं हवाबंद पेट्यांत ठेवून बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे वायू किती कमी होतात ते मोजलं. कमी झाले, हेही खरं. पण तुमची बेडरूम हवाबंद पेटी नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. नेहमीच्या इमारतीत हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. तुमच्या खोलीत पलंग कुठे ठेवणार?

मी झाडं विकून पोट भरते, तरी हे सांगते. कितीतरी नर्सऱ्यांच्या पाट्यांवर "हवा शुद्ध करणारं झाड" लिहिलेलं असतं, आमच्याकडे ती पाटी मी काढून टाकायला लावली. खिडकी उघडा, काका. शिवाय दमा असताना बेडरूममध्ये दहा बाटल्या पाणी, त्यात शेवाळ आणि डासांची भीती. दोन ठेवा, बाकी वाटून टाका.

न्यू जर्सीत राहते. आईकडे पुण्यात तीस वर्षांचं स्नेक प्लांट आहे, आजीने लावलेलं. डिसेंबरमध्ये येतेय, एक पान टिश्यूत गुंडाळून बॅगेत नेलं तर पाण्यात लागेल ना?

लागेल, पण नेऊ नको. लावण्यासाठी नेलेलं पान तिथे रोपच मानतात. ते विमानतळावर जाहीर करावं लागतं आणि सोबत रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पान काढून घेतात, आणि लपवलं असेल तर दंडही होतो. आजीची आठवण कचऱ्याच्या डब्यात जाण्यापेक्षा आईच्या कुंडीत बरी.

रीतसर न्यायचं असेल तर आईला आत्ताच एक फुटवा वेगळा करून माती नसलेल्या कोकोपीटमध्ये लावायला सांग, आणि प्रमाणपत्रासाठी वनस्पती संगरोध (प्लांट क्वारंटाइन) कार्यालयात आधी चौकशी करून घ्या. मातीसकट काही नेता येत नाही. तिथे तुझ्याकडे असलेल्या दुसऱ्या स्नेक प्लांटचं पान लावायचं असेल तर मे महिना उजाडू दे. हिवाळ्यात खिडकीची काच रात्री गार पडते आणि बाटलीतलं पाणी तिच्याबरोबर.

हिंजवडीत ऑफिसच्या टेबलावर कायम पाण्यातच ठेवायचं आहे, मातीची कटकट नको. जमेल?

जमेल. पण पान नको, मुळांसकट फुटवा घ्या. माती पूर्ण धुवा, एकही ढेकूळ राहू देऊ नका, तीच कुजते. बाटलीत गोटे घालून फुटवा असा बसवा की मुळं पाण्यात आणि गड्डा पाण्याच्या वर. गड्डा बुडाला की संपलं. महिन्या-दीड महिन्यातून पाण्यात विरघळणारं खत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव. हिरवं शेवाळ नको असेल तर तपकिरी काचेची बाटली घ्या. वाढ मातीपेक्षा कमी राहील. शुक्रवारी निघताना पाणी बदलायचं, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला उरलेला चहा त्यात ओतू नको म्हणून सांगायचं. हसू नका, अशी दोन झाडं माझ्याकडे इलाजाला आली आहेत.

घरी मांजर आहे, ती पान चावते. विषारी आहे का? (फोंडा)

आहे, थोडं. त्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. मांजर, कुत्रा यांना लाळ गळणे, उलट्या, जुलाब होऊ शकतात. बाटलीतलं पाणीही मांजरीला आवडतं, तेव्हा वर ठेवा, तिला चढता येणार नाही असं. उलट्या थांबल्या नाहीत तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. कापताना रस हाताला लागला तर हात धुवा, काहींना खाज येते.

अंगणातल्या जुन्या स्नेक प्लांटला दांडा आला आणि पांढरट फुलं लागली. रात्री वास छान येतो, पण दांड्यावर चिकट थेंब आहेत आणि मुंग्यांची रांग लागली आहे. मावा पडला का? औषध मारू? आणि याच झाडाची पानं पाण्यात लावू का? (रत्नागिरी)

मावा नाही. ते थेंब झाडाच्याच गोड रसाचे आहेत, या झाडाला ते दांड्यावरच येतात. मुंग्या त्यासाठीच आल्या आहेत, औषध नको.

ज्या झुडपाला फूल आलं, त्याच्या मधून आता नवीन पान निघणार नाही. आहेत ती पानं पुढे बरीच वर्षं तशीच राहतील आणि बाजूने फुटवे येतील. जुनी पानं लावायला चालतात, पण मला विचाराल तर जुनाट, फाटक्या कडांच्या पानापेक्षा बाजूच्या फुटव्यातलं पूर्ण वाढलेलं, डाग नसलेलं पान घ्या, ते सहसा कुजत नाही. जमिनीत एवढं पसरलं असेल तर बाटलीची खटपट कशाला? पावसाचा जोर ओसरला की कुदळीने एक बाजू उकरा, फुटवे मिळतील तेवढे शेजारी वाटा. फुलाचा दांडा वाळला की बुडातून कापून टाका.